मुदत

भिंती आमच्या, फरशी आमची.
छतातून टपकतं ते पाणी प्रयागबाईंचं.
फक्त खालची जमीन नगरपालिकेची,
तीस वर्षांच्या पट्ट्यानं घेतलेली,
आणि पट्टा येत्या पाडव्याला संपायलाय.

माहीत नव्हतं असं कसं म्हणू?
सव्वीस वर्षं जालन्यात बियाण्याची पाकिटं भरली मी,
एकेकाच्या पाठीवर शिक्का मारला:
चाचणीची तारीख, वैधता,
उगवण टक्के पंचाहत्तर.
असल्या बाईला स्वतःच्या घराची तारीख दिसू नये?
दिसली होती की, सातव्या पानावर.
पण तेव्हा पोटात मुलगा होता
आणि तीस वर्षं म्हणजे
कुठंतरी मुंबईच्याही पलीकडं, समुद्रात.

आता पालिकेची महापालिका झाली.
पाटी नवी, खिडकी तीच.
खिडकीतला सोळंके म्हणाला, मावशी,
एकट्या फ्लॅटची मुदत वाढत नसते.
जमिनीला खोल्या कळत नाहीत.
बाराच्या बारा सह्या आणा, सोसायटीचा ठराव आणा,
वाढीव भुईभाड्याचं चलन,
आणि हे प्रपत्र, काळ्या शाईनं.
निळी चालत नाही.

अकरा सह्या चार दिवसांत झाल्या.
लोयांनी दुकानातच केली, तराजू बाजूला सारून.
पठाणांची सून म्हणाली, थांबा, ह्यांना विचारते;
रियाधवरून ह्यांनी विचारलं, किती पडतील?
माझा मुलगा पुण्याहून म्हणाला,
संपू दे ना आई, तिकडं कोण राहायला येणारे.
मी म्हणलं, मी आहे की.
त्यावर तो थोडा वेळ बोलला नाही,
मग म्हणाला, रेंज नाहीये.

उरली वरची.
अकरा वर्षं आमचं बोलणं नाही.
जिन्यात समोर आल्या की त्या कठड्याकडं बघणार,
मी मीटरच्या डब्यांकडं.
भांडण त्यांच्या मोरीचं.
माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर ओलीचा नकाशा उमटलाय,
आधी तालुक्याएवढा होता,
आता अंबडपासून पार परतूरपर्यंत गेलाय.

मी कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं.
"चार दिवस झाले जिन्यात कागद वाजायलेत.
म्हणलं, आपल्याकडं येती का नाही ही."
चष्मा सापडेना. मग सापडला, डोक्यावरच होता.
बाकी कुणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं,
सगळी पानं वाचली,
बोट ठेवून, ओठ हलवत.
"अजून तीस वर्षं लिहिलंय गं."
हो.
"मला एकाहत्तर. तुला?"
एकसष्ट.
दोघींनी मनातल्या मनात बेरीज केली
आणि कुणीच उत्तर सांगितलं नाही.

सही करून पेन परत देताना म्हणाल्या,
"आता मोरी फोडून घेते.
मुदत संपत आलेल्या जागेवर कोण पैसा घालतं?
आमचे हे जाताना सांगून गेले होते,
आधी पट्ट्याचं बघ, मग गवंड्याचं."

अकरा वर्षं.
एवढंच कारण होतं,
आणि मी नुसतं भगुणं सरकवत राहिले,
थेंब जिकडं जाईल तिकडं.

काल शिक्का मिळाला. वाकडा बसलाय,
तारखेतला सहा अर्धाच उठलाय.
आमच्या कंपनीत असलं पाकीट
सुपरवायझरनं तोंडावर फेकलं असतं.
मी घडी घालून पिशवीत ठेवलं,
पिशवी कपाटात, साड्यांच्या खाली.

आज नळाचा दिवस, नववा.
वर बादल्या भरल्याचा आवाज,
मग फरशीवर काहीतरी आपटल्याचा,
मग थेट छतातूनच आल्यासारखं:
"पडायलंय का गं अजून?"

पडायलंय, म्हणलं.
पडू द्या.